सहामाही सनद

अमेरिकेच्या पश्चिमेकडील राज्यांच्या गव्हर्नरांनी १९९७ साली स्थापन केलेल्या वेस्टर्न गव्हर्नर्स युनिव्हर्सिटीने, विद्यार्थी वर्गात किती तास बसला यापेक्षा त्याला विषय किती अवगत झाला यालाच मोल द्यावे आणि शुल्क विषयागणिक न घेता सहा महिन्यांच्या मुदतीला एकरकमी आकारावे, असा जो उदात्त दंडक घातला, त्याचे मर्म व्यवसाय-प्रशासनाच्या विद्यार्थ्यांनी चटकन ओळखले, यात नवल नाही. मुदतीत चार विषय उरका की चौदा, रक्कम तीच. तेव्हा सराव-परीक्षेत जी प्रकरणे अडली तेवढीच चाळावीत, वेबकॅम चहूकडे फिरवून खोलीच्या निष्कलंकतेबद्दल दूरस्थ पर्यवेक्षकाची खातरजमा करावी, उत्तरांवर टिचक्या माराव्यात आणि निकाल पडद्यावर उमटताच पुढल्या विषयाची मागणी रुजू करावी, असा शिरस्ताच पडला. ज्ञानार्जनाची ही घाई कोणास उथळ भासेल. परंतु ठरल्या भांडवलात अधिकाधिक उत्पादन काढणे हेच ज्या शास्त्राचे सार, त्याची पदवी त्याच न्यायाने पदरात पाडून घेणारा विद्यार्थी, शुल्काचे कोष्टक वाचले त्याच दिवशी उत्तीर्ण झाला, असे मानण्यास कोणता प्रत्यवाय आहे? पुढील परीक्षा केवळ दप्तरपूर्तीसाठी.