कोथिंबीर आणायला

रोज दहा हजार पावले चालावीत, हा दंडक कोणत्याही ऋषीने, वैद्याने किंवा डॉक्टरने घातलेला नाही. तो घातला एका जपानी कंपनीने, तोही आपले यंत्र खपावे म्हणून. 1964 साली टोकियोत ऑलिंपिक झाले आणि पुढच्याच वर्षी कमरेला अडकवायचे पावले मोजणारे यंत्र तिथल्या बाजारात आले. त्याचे नाव ‘मानपो-केई’, म्हणजे दहा हजार पावलांचे मीटर. साठ वर्षांपूर्वीच्या त्या जाहिरातीशी आज वरसे-रोह्यापासून पेणपर्यंतची माणसे भल्या पहाटे इमान राखून आहेत. नऊ हजार सातशेवर घर आले, तर उरलेली तीनशे अंगणात फिरून पुरी करतात. प्रदक्षिणा तुळशीला चालल्या आहेत की मनगटावरच्या पट्ट्याला, हे तुळशीलाही कळत नसावे. 2019 मध्ये अमेरिकेतल्या वयस्कर बायकांचा एक मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यांचे सरासरी वय होते 72. दिवसाला सुमारे 4,400 पावले चालणाऱ्यांतही मृत्यूचे प्रमाण सर्वांत कमी चालणाऱ्यांपेक्षा बरेच कमी दिसले, आणि साडेसात हजारांच्या पुढे लाभ फारसा वाढला नाही. म्हणजे त्या वयाला तरी तुळशीभोवतीच्या शेवटच्या फेऱ्या पुण्याच्याच खात्यावर जमा होतात.

पावले मोजणाऱ्यांना हसण्याचा माझा हेतू नाही. असलाच तर थोडासा. माझे म्हणणे इतकेच की तब्येतीसाठी म्हणून धरलेली चांगली सवय सहसा टिकत नाही, आणि तीच दुसऱ्या एखाद्या कामाच्या पाठीवर बसवून दिली तर सुखाने जन्मभर प्रवास करते. याचा भक्कम पुरावा लंडनच्या दुमजली बसमध्ये सापडला. 1953 मध्ये जेरी मॉरिस या डॉक्टरांनी दाखवले की दिवसभर बसून गाडी हाकणाऱ्या ड्रायव्हरांपेक्षा जिना चढून-उतरून तिकिटे फाडणाऱ्या कंडक्टरांना हृदयविकार कमी होतो. त्या कंडक्टरांपैकी कोणी आरोग्यासाठी जिना चढत नव्हता, वरचा माणूस तिकीट न काढता उतरेल म्हणून चढत होता. यावर शंका निघते की मुळात जाडी माणसेच ड्रायव्हर होत असतील. ही शंका खुद्द मॉरिस यांनाच आली. त्यांनी गणवेशाच्या विजारींची मापे तपासली, तर ड्रायव्हरांची कंबर खरोखर जास्त निघाली. (विज्ञानाच्या इतिहासात विजारीला एवढा मान क्वचितच मिळाला असेल.) पण त्यांनी पोस्टमनही तपासले होते. पत्रे वाटत फिरणाऱ्यांची अवस्था टेबलाशी बसणाऱ्या कारकुनांपेक्षा बरी दिसली. विजार सैल असो की घट्ट, फिरण्याचा हिशेब पुन्हा तसाच आला.

इतके लांब जायचीही गरज नाही. पेण तालुक्यातल्या गागोदे गावी 11 सप्टेंबर 1895 रोजी जन्मलेले विनोबा पोटाच्या दुखण्याने बेजार असत, आहार जेमतेम. पण 1951 पासून भूदानासाठी तेरा वर्षे ते देशभर पायी हिंडले आणि 87 व्या वर्षापर्यंत जगले. पावले मोजली असती तर ते पहिल्याच महिन्यात कंटाळले असते, असे मला वाटते. त्यांनी मोजले एकर. आता कोणी म्हणेल की विनोबा एखादाच, आम्ही संसारी माणसे. मान्य. संसारी माणसाची सोय रोह्यात 1920 मध्ये जन्मलेल्या पांडुरंगशास्त्री आठवले यांनी केली होती. त्यांनी स्वाध्यायींना त्रिकालसंध्या सांगितली ती उठताना, जेवताना आणि झोपताना. घड्याळ नको, गजर नको. उठणे, जेवणे आणि झोपणे या तीन गोष्टी आपण आळसातही चुकवत नाही. हेतू देवाच्या स्मरणाचा, पण युक्ती कोणत्याही सवयीला लागू पडावी अशी.

लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजातल्या संशोधकांनी पुढे तीच गोष्ट प्रयोगातून पाहिली. 96 जणांनी एकेक साधी सवय रोजच्या ठरलेल्या प्रसंगाला बांधली. ती अंगवळणी पडायला मध्यम हिशेबाने 66 दिवस लागले. कोणाला 18 पुरले, तर कोणाच्या बाबतीत अंदाज 254 पर्यंत गेला. एकवीस दिवसांत आयुष्य बदलते असे सांगणाऱ्यांनी हा आकडा भिंतीवर लावावा. 1 जानेवारीला धरलेली सवय 66 दिवसांनी शिमग्याच्या आसपास पोचते, म्हणजे तोवर टिकली तर बोंब मारायला हरकत नाही. आणि लीप वर्ष नसेल तर 254 वा दिवस पडतो बरोबर 11 सप्टेंबरला. विनोबांची जयंती साधते, पण त्या वर्षी गणपती त्याच सुमारास आले तर मोदकांशीही गाठ पडते. दिलासा एवढाच की अधूनमधून एखादा दिवस चुकला तर सवय मोडत नाही, असेही त्याच अभ्यासात दिसले.

खरा आक्षेप धाटावच्या कारखान्यात पाळी करणाऱ्याचा आहे. रात्रपाळी उतरून आलेल्या माणसाला ब्राह्ममुहूर्ताचे माहात्म्य सांगणे हा क्रूरपणा आहे. त्याला मी चालायला सांगणार नाही, फार तर रिक्षा एक नाका आधी सोडायला सांगेन. व्यायाम सलग दहा मिनिटे तरी हवाच, ही जुनी अट जागतिक आरोग्य संघटनेनेही 2020 मध्ये सोडून दिली आहे. आणखी एक आक्षेप पूर्वजप्रेमींचा. पूर्वी हे सगळे आपोआप होत होते, म्हणून लोक ठणठणीत होते, म्हणे. स्वातंत्र्याच्या वेळी भारतीयाचे सरासरी आयुर्मान बत्तीसच्या आसपास होते. आजोबांची शतपावली घ्यावी. त्यांच्या काळातला हिवताप, देवी आणि पाणवठा तिथेच राहू द्यावा.

तेव्हा व्यवहारात करायचे काय? मला सुचते ते बाजाराच्या यादीपुरते. वरसे गावातून रोह्याचा बाजार लांब नाही. आठवड्याची भाजी एकदम दुचाकीला लटकवून आणण्यात शहाणपण दिसते, पण त्यात सहा फेऱ्या बुडतात. भाजीवालीशी सहा वेळा होणारी घासाघीस बुडते, आणि कोणाच्या मुलीचे जमले, कोणाचे फिसकटले हेही कळत नाही. हार्वर्डमध्ये 1938 पासून चाललेला अभ्यास सांगतो की माणसाच्या सुखाचा आणि तब्येतीचा मोठा धागा त्याच्या नात्यांत असतो. त्यात भाजीवाली मोजली आहे की नाही, याची पर्वा न करता मी तिला त्यात धरतो. तर सोमवारी कांदे आणावेत आणि कोथिंबीर विसरावी. मंगळवारी कोथिंबीर आणायला जावे आणि मिरच्या विसराव्यात. बुधवारी घरातून कोणी विचारलेच की डोके कुठे असते, तर बिनतक्रार चप्पल पायात सरकवावी. आले अजून आणायचेच आहे.