आठ नंबरचा डबा

अहो, ऐकलंत का? या की जरा इकडे, कुंपणाशी. कपडे राहू देत, ऊन आहे अजून. परवा माझ्याकडच्या हळदीकुंकवाला तुम्ही नव्हतात ना? चुकवलंत हो, चुकवलंत!

आठ नंबरच्या कोरियन बाई आल्या होत्या. त्याच, ज्यांचे मिस्टर चाकणला कंपनीत आहेत. त्या राहायला आल्या तेव्हा सहा नंबरच्या काकूंनी टॉमीला पंधरा दिवस अंगणात सोडलं नव्हतं, आठवतंय ना? "तिकडे खातात म्हणे..." एवढंच म्हणायच्या आणि डोळे मोठे करायच्या. टॉमी बिचारा खिडकीत बसून केकाटायचा. या बाई येता-जाता खाली थांबून त्याच्याशी लाडं-लाडं बोलायच्या, की काकूंनी पडदा ओढलाच...

तर काय सांगत होते, सुकट! आधी ते सुकटीचं झालं. मालवणच्या वहिनींनी तव्यावर सुकट भाजायला घेतली. झालं! चार नंबरच्या मावशींच्या खिडक्या धडाधड बंद. तेवढ्यात वहिनींची बेल वाजली. दारात आठ नंबर. वहिनी मला म्हणाल्या, "मला वाटलं, आता ही पण भांडायला आली." तर बाईंनी डोळे मिटून मोठा श्वास घेतला आणि नुसत्या हसल्या. मग फोनवर फोटो दाखवला, वाळवलेल्या बारीक मासळीचा. मेल्ची म्हणतात त्यांच्यात. ती उकळून त्या पाण्यात रश्शाचं काहीबाही करतात, नाहीतर साखर आणि सोया सॉस घालून परततात, तोंडी लावायला. वहिनींनी वाटीभर किसमूर दिली, तर दुसऱ्या दिवशी वाटी मेल्चीनं भरून परत. रिकामी वाटी पाठवली नाही हो!

आता परवाचं ऐका. गौर मांडलेली, आंब्याची डाळ, पन्हं, सगळ्या काठापदरात. मावशी तर त्या मोरपंखी पैठणीत. आणि सहा नंबरच्या काकूंना राहवतंय का? पन्ह्याचा ग्लास हातात धरून सरळ विचारलंन, "यू ईट डॉग?"

अहो, सगळ्यांचे चमचे थांबले. वहिनींनी तर मान खाली घातली.

बाई शांत. त्या इंग्रजीत बोलत होत्या, माझी सून मराठीत सांगत होती. म्हणाल्या, आजोबा खायचे. उन्हाळ्यात तिकडे तीन ठरलेले दिवस असतात, तेव्हा ते सूप प्यायलं की अंगात ताकद येते, असं मानायचे. मी तोंडाला लावलं नाही. माझाच कुत्रा आहे सोलला आईकडे. आणि काढला की फोटो, स्वेटर घातलेला! आता तर तिकडे कायदाच झालाय. जानेवारी 2024 मध्ये संसदेत 208 मतं पडली, विरोधात एक नाही. खाण्यासाठी कुत्री पाळायची नाहीत, मारायची नाहीत, विकायची नाहीत. शिक्षा 2027 पासून. खाणाऱ्याला मात्र काही नाही हं, ते मला जरा गमतीचंच वाटलं.

आमची सून गप्प बसेल तर शपथ. म्हणते कशी, "काकू, आपल्या नागालँडमध्ये 2020 साली सरकारनं कुत्र्याच्या मांसावर बंदी आणली होती, ती 2023 मध्ये हायकोर्टानं रद्द केली." काकू 'आपल्या' शब्दावरच अडकल्या. "आपल्या?" म्हणाल्या आणि ग्लास खाली ठेवला.

त्यात दोन नंबरच्या बंगाली बाई. "आमच्याकडे लग्नात रुई मासा साडी नेसवून, नटवून पाठवतात. आणि आम्ही ब्राह्मण!" मावशींनी कपाळाला हात लावला. मग मावशीच कोरियन बाईंना विचारतात, "पण तुम्ही रोजचं खाता तरी काय?"

विचारायला नको होतं हो. बाई उठल्या, घरी गेल्या आणि डबा घेऊन आल्या. गौरीसमोर उघडला! तपकिरी, गुबगुबीत, रसात बुडालेले. मावशी म्हणाल्या, "अय्या, वालाची उसळ?" आणि वाटी पुढे केली की! सुनेनं डब्यावरचं वाचलं म्हणून वाचल्या. रेशमाचे किडे. बोन्देगी नाव त्याचं.

"शी!" मावशी अशा मागे सरकल्या की करंडा सांडला.

बाईंना काही कळेना. त्यांनी हलकेच मावशींचा पदर चिमटीत धरला नि म्हणाल्या, "धिस. सेम." म्हणजे काय, तर कोश उकळत्या पाण्यात टाकतात, किडा आत असतानाच. मऊ झाला की धागा सोडवतात. त्या धाग्याची आपली पैठणी. आत उरतो तो हा. त्यांच्याकडे टाकत नाहीत, खातात.

आणि आपण रेशीम सोवळं म्हणून नेसतो, अहो! देवपूजेला! मावशींचा चेहरा... काय सांगू, पन्हं नासावं तसा. पदर खांद्यावर घ्यावा की सोडावा, कळेना त्यांना. ओटीसुद्धा न घेता गेल्या. काल एकादशी, तर सुती नऊवारी वाळत होती त्यांच्या दोरीवर, मी बघितली ना.

टॉमी? टॉमी आता रोज संध्याकाळी आठ नंबरमध्येच असतो. काकू स्वतः सोडून येतात.

आणि तो डबा, कुणाला बोलू नका हं, माझ्याच फ्रीजमध्ये आहे. एकच खाल्ला मी. चव? सांगते, पण आधी आत या, मावशींची खिडकी उघडी आहे.