सामाईक सातबाऱ्यावरची कादंबरी

काळ-काम-वेगाच्या गणितात अ एक काम 10 दिवसांत करतो, ब तेच 15 दिवसांत, आणि दोघे मिळून लागले की ते 6 दिवसांत हातावेगळं होतं. याच अ आणि ब यांना कादंबरी लिहायला बसवलं तर उत्तर साधारण तीन वर्षं येतं, आणि त्यानंतर ते एकमेकांच्या मुलांच्या लग्नाला जात नाहीत. गणितात चूक नाही. तिथले अ आणि ब भिंत बांधत होते, आणि विटेला स्वतःची शैली नसते.

तरीही दरवर्षी पावसाळ्यात दिवाळी अंकांच्या संपादकांचे फोन सुरू झाले की कुणातरी दोन लेखकांना ‘आपण मिळून काहीतरी करू या’ असा झटका येतो. प्रस्तुत मार्गदर्शन अशा लेखकांसाठी आहे. हेतू सरळ आहे: दोघांच्या शैलींचा सुरेख मिलाफ व्हावा, आणि त्यात आपली शैली किंचित जास्त दिसावी.

जोडीदार निवडताना तो प्रतिभेने आपल्याहून थोडा कमी आणि प्रसिद्धीने थोडा जास्त असा पाहावा. असा माणूस शोधायला लांब जावं लागत नाही. कुठल्याही लेखकाला विचारलं तर त्याच्या ओळखीतले निम्मे लेखक याच वर्णनात बसतात. फक्त एक लक्षात ठेवावं, की समोरच्यानेही तुम्हाला याच निकषावर निवडलेलं आहे.

ज्येष्ठ आणि कनिष्ठ अशी जोडी जमवायची असेल तर पैठणचा आदर्श घ्यावा. एकनाथांनी ‘भावार्थ रामायण’ युद्धकांडाच्या चव्वेचाळिसाव्या अध्यायापर्यंत आणलं आणि पुढचं त्यांच्या गावबा नावाच्या शिष्याने पुरं केलं. हा गावबा पुरणपोळीसाठी नाथांच्या वाड्यात राहिला, अशी कथा आहे. मानधनाचा हा दर आजच्या बाजारभावाने वाईट म्हणता येणार नाही, आणि तो वेळच्या वेळी ताटात पडत होता. बाणभट्टाची ‘कादंबरी’ही अशीच अर्ध्यावर राहिली आणि भूषणभट्ट या त्याच्या मुलाने ती पुढे नेली. त्याने आरंभीच सांगून टाकलं, की हे मी कवित्वाच्या गर्वाने करत नाही, कथा अपुरी राहिल्याचं सज्जनांना दुःख होतं म्हणून करतोय. सहलेखकाबद्दल इतकं नम्र बोलणारा माणूस पुढच्या हजारबाराशे वर्षांत सापडणं कठीण. त्याचा सहलेखक हयात नव्हता, हे अर्थात लक्षात घ्यायला हवं. दोघेही हयात असतील तर पुढे वाचावं.

कामाची वाटणी करण्याचे प्रकार दोन. पहिल्यात एकाने कथानक रचायचं आणि दुसऱ्याने ते लिहायचं. अमेरिकेत फ्रेडरिक डॅने आणि मॅनफ्रेड ली या मावसभावांनी 1929पासून ‘एलरी क्वीन’ या एकाच नावाने रहस्यकथा लिहिल्या त्या अशा. डॅने तपशीलवार आराखडा पाठवायचा, ली त्यावर मांस चढवायचा, आणि मधल्या काळात दोघे एकमेकांना अशी पत्रं लिहायचे की ती वाचून एखाद्या वकिलाने आपण होऊन संपर्क साधावा. या पद्धतीचा मोठा फायदा म्हणजे दोघांचीही खात्री असते की खरं काम आपणच करतो. कथानकवाला म्हणतो, सगळं तर मी सांगितलंच होतं, याने फक्त लिहून काढलं. लिहिणारा म्हणतो, याने दिलेल्या सांगाड्यात जीव कुणी ओतला? असे दोन समाधानी, अपमानित लेखक एका पुस्तकामागे असले की पुस्तक चांगलं होतं.

दुसरा प्रकार एकाआड एक प्रकरणांचा. राजेंद्र यादव आणि मन्नू भंडारी या नवरा-बायकोने ‘एक इंच मुस्कान’ ही हिंदी कादंबरी अशीच आळीपाळीने लिहिली. स्वीडनमध्ये माय शोवाल आणि पेर वालो यांनी 1965 ते 1975 या काळात मार्टिन बेक या पोलिसाच्या दहा कादंबऱ्या लिहिल्या. मुलं झोपली की दोघे समोरासमोर बसायचे आणि आपापलं प्रकरण लिहायचे, मग कागदांची अदलाबदल. आपली दोघांचीही नाही अशी एक भाषा त्यांना हवी होती. मुलं नऊच्या आत झोपणं हीच या पद्धतीची मुख्य अट असल्यामुळे ती आपल्याकडे रुजली नसावी.

आळीपाळीच्या प्रकरणांत दोन शेतांच्या मधे बांध येतो, आणि बांध आला की तो कोरणं आलं. यात आपल्या शेतकरी बांधवांची चिकाटी अनुकरणीय आहे. ते एका रात्रीत शेजाऱ्याचं शेत बळकावत नाहीत. दर नांगरटीला वीतभर. तसंच जोडीदाराच्या प्रकरणात ‘एक स्वल्पविराम राहिला होता’ म्हणून शिरावं. दुसऱ्या दिवशी एक विशेषण काढावं. आठवड्याने, ‘ओघात वाचताना अडखळायला झालं म्हणून जरा जुळवून घेतलं, पटलं नाही तर सांगा हं’ असं लिहून अख्खा परिच्छेद बदलावा. ‘पटलं नाही तर सांगा’ हे वाक्य रात्री साडेअकरानंतर पाठवावं. सकाळपर्यंत उत्तर आलं नाही तर ती संमती.

एक उदाहरण पाहू. अ हे ललित वळणाचे लेखक आहेत. त्यांनी लिहिलं: ‘पश्चिमेला सूर्य कलत असता, फलाटावरल्या पिंपळाच्या पानापानांतून पाझरणाऱ्या केशरी उजेडात कमल आपल्याच मनाच्या काठावर उभी राहून, न आलेल्या गाडीपेक्षा न सरलेल्या दिवसांची वाट पाहत होती.’ ब हे कमी शब्दांचे लेखक. त्यांनी याच प्रसंगाला लिहिलं: ‘एसटी आली नाही. कमलनं पिशवी उचलली. पायीच निघाली.’ पुढचे चार महिने दोघांत फोनवर ‘अवकाश’ या विषयावर चर्चा झाली. अखेर छापून आलं ते असं: ‘पश्चिमेला सूर्य कलत असता एसटी आली नाही. आपल्याच मनाच्या काठावर कमलनं पिशवी उचलली. न सरलेल्या दिवसांतून ती पायीच निघाली.’ अ यांना हे खुरटं वाटतं, ब यांना पसरट. दोघांनाही न आवडलेल्या मजकुराला शैलींचा मिलाफ म्हणतात. परीक्षणात त्याला ‘प्रयोगशील’ म्हटलं जातं.

मराठीत मिलाफाआड येणारा खरा डोंगर मात्र क्रियापदाच्या शेपटाशी उभा असतो. अ ‘केले, गेले, पाहिले’ लिहितात. ब ‘केलं, गेलं, पाहिलं’. त्यामुळे कमल पहिल्या प्रकरणात जेवण करते तेव्हा ते ‘झाले’ असतं, दुसऱ्यात भांडी घासते तेव्हा सगळं ‘झालं’ असतं. त्यातून ब मूळचे अकोल्याकडचे असतील तर तिसऱ्या प्रकरणात सदाशिव पेठेत वाढलेली कमल एकदम ‘काहून?’ विचारते, आणि चौथ्यात अ तिच्या तोंडी ‘कशास्तव?’ घालून सूड उगवतात. यावर चर्चा करून काही होत नाही. तो प्रश्न मुद्रितशोधकावर सोडावा. सहलेखनातला तिसरा लेखक तोच. सगळ्या कादंबरीवरून एकच हात तो एकटाच फिरवतो. पुस्तकात मात्र त्याचं नाव आलंच तर मुद्रकाच्या पत्त्याच्या खाली येतं.

आता एका घातक उदाहरणापासून सावध करणं भाग आहे. इल्या इल्फ आणि येवगेनी पेट्रोव्ह ही ओडेसाची जोडी. पेट्रोव्हचा मोठा भाऊ वालेंतिन कातायेव नावाजलेला लेखक. त्याला आलेक्सांद्र ड्यूमाप्रमाणे हाताखाली लिहिणारी माणसं ठेवायची हौस आली. खुर्च्यांत दडवलेल्या हिऱ्यांची कल्पना त्याने या दोघांना दिली. तुम्ही लिहा, मी शेवटी हात फिरवीन. लिहिलेलं वाचून त्याने हात फिरवायचा बेत सोडला आणि पुस्तक तुमचंच म्हणून सांगितलं. ही 1928ची ‘बारा खुर्च्या’. ज्येष्ठाने आपण होऊन बांध सोडल्याचं हे उदाहरण इथे निव्वळ अपवाद म्हणून नोंदवलं आहे.

इल्फ-पेट्रोव्हचा नियम असा, की एखादा शब्द दोघांना एकदम सुचला तर तो टाकायचा. दोन डोक्यांत एकाच वेळी आला, म्हणजे तो आणखी दहा डोक्यांत येऊ शकतो. हा नियम मराठीत लागू केला तर काय अनर्थ होईल याची वाचकांनी कल्पना करावी. ‘तिन्हीसांज’ गेली. ‘आतून आतून’ गेलं. ‘अस्वस्थ शांतता’ गेली, ‘कुठेतरी काहीतरी तुटलं’ गेलं. तीनशे पानांची कादंबरी चौसष्ट पानांवर आली, की ग्रंथालयं तिला विचारणार कोणत्या किमतीला?

परिणाम तर त्याहून भयंकर. 1935 साली दोघे अमेरिकेला गेले आणि परतल्यावर प्रवासवर्णन लिहिताना पहिल्यांदाच वेगवेगळे बसले. वीस प्रकरणं इल्फची, वीस पेट्रोव्हची, सात दोघांची मिळून. पेट्रोव्हने लिहून ठेवलंय की एका चाणाक्ष समीक्षकाने कुठलं प्रकरण कुणाचं हे ओळखायला घेतलं, आणि त्याला ते जमलं नाही. म्हणजे काही वर्षं एका टेबलाशी घालवून मिळवलं काय, तर आपलं वाक्य आपलं म्हणून दाखवता येऊ नये! हे टाळण्यासाठी प्रत्येक प्रकरणात घरच्या माणसांना कळेल अशी एक तरी खूण पेरावी. लाडका शब्द, मामाच्या गावचं नाव, काहीही. प्रकाशनाच्या दिवशी बायकोने बोट ठेवून ‘हे तुमचं’ म्हणायला हवं.

दोनाहून अधिक लेखक घेऊ नयेत. 1931 साली लंडनच्या डिटेक्शन क्लबातल्या अगाथा ख्रिस्ती, डोरोथी सेअर्स अशा मंडळींनी एकेक प्रकरण लिहून ‘द फ्लोटिंग ॲडमिरल’ ही रहस्यकादंबरी उभी केली. आधीच्यांनी टाकलेले सगळे धागे पुढच्याने गृहीत धरायचे, आणि स्वतःच्या मनातलं उत्तर वेगळं लिहून द्यायचं. प्रकरणागणिक गुंता वाढत गेला. शेवटचं प्रकरण अँथनी बर्कलीच्या वाट्याला आलं. त्याने मथळाच ‘घोळ निस्तरताना’ अशा अर्थाचा दिला.

मुखपृष्ठावर कुणाचं नाव आधी, हा प्रश्न करार होण्याआधी काढावा. अकारविल्हे लावायचं, असं ज्याचं आडनाव आधी येतं तोच सुचवतो. ‘जंजीर’च्या वेळी, 1973 साली, पोस्टरवर लेखकांचं नावच नव्हतं; तेव्हा सलीम-जावेद यांनी रंगारी पाठवून मुंबईभरच्या पोस्टरांवर ते उमटवून घेतलं. दोघांची एकजूट कशी असावी ते इथे शिकावं. आपसांतलं भांडण तिसऱ्यावर काढण्याइतकी सहलेखनाला पोषक गोष्ट नाही, आणि तिसरा म्हणून प्रकाशक सोयीचा असतो.

राहता राहिला शेवट. नायकाला मारायचा की जगवायचा यावर ‘बारा खुर्च्या’च्या वेळी इल्फ-पेट्रोव्हचं जुंपलं. साखरेच्या भांड्यात दोन चिठ्ठ्या टाकल्या, एकीवर कवटी काढली. कवटी निघाली आणि नायकाचा, म्हणजे ओस्ताप बेंडरचा, गळा चिरला गेला. पुढे दोघांनाही ते लागलं आणि 1931च्या ‘सोन्याचं वासरू’मध्ये त्याला परत उठवावं लागलं. तुमच्या कादंबरीचा दुसरा भाग कुणी मागणार नसल्यामुळे इतका धोका पत्करू नये. चिठ्ठ्यांची सूचना जोडीदाराकडून येऊ द्यावी आणि मोठ्या मनाने मान्य करावी. चिठ्ठ्या आपण लिहाव्यात. दोन्हींवर आपलाच शेवट लिहावा, आणि उचलायचा मान त्यांना द्यावा.