बी-टू काका

टाकी भरून वाहत होती. जिन्यावरून पाण्याचे लोट येत होते, वॉचमन पंपाच्या खोलीची किल्ली शोधत होता आणि दुसऱ्या मजल्यावरचे काका कठड्याला रेलून त्याला शांतपणे सांगत होते, "इफ यू हॅड स्विच्ड ऑफ द पंप, द टँक वुड नॉट हॅव ओव्हरफ्लोड." मग माझ्याकडे वळून म्हणाले, "थर्ड कंडिशनल. होऊन गेलेली गोष्ट. आता काही करता येत नाही."

पंप अजून चालूच होता. करता येण्यासारखं पुष्कळ होतं.

तुमच्या इमारतीत हे गृहस्थ नसतील तर पलीकडच्या विंगमध्ये नक्की असतील. नोकरी संपलेली, मुलं मार्गी लागलेली, गुडघे अजून बरे. सकाळी फेरी मारताना ओठ हलत असतात. समोरून येणाऱ्या आजीबाईंना वाटतं रामरक्षा चालली आहे, म्हणून त्या आदरानं बाजूला होतात. प्रत्यक्षात काका 'पुट अप, पुट ऑफ, पुट आउट, पुट अप विथ' असं म्हणत नाल्यापर्यंत जातात आणि 'गेट ओव्हर, गेट बाय, गेट अवे विथ' म्हणत परत येतात.

त्यांचं खरं नाव आमच्या डोंबिवलीच्या सोसायटीत आता फक्त मेंटेनन्सच्या पावतीवर उरलं आहे. बाकी सगळ्यांचे ते बी-टू काका. झालं असं, की कौन्सिल ऑफ युरोपनं २००१ साली भाषा शिकणाऱ्यांसाठी एक शिडी छापली : ए-वन, ए-टू, बी-वन, बी-टू, सी-वन, सी-टू. काका चौथ्या पायरीवर आहेत. अप्पर-इंटरमीडिएट. पहिल्या तीन पायऱ्या माणूस भराभर चढतो, रोज काहीतरी नवं कळल्याचा आनंद असतो. चौथीवर गेला की बसतो. सिनेमा निम्मा कळतो, बातम्या सगळ्या कळतात, विनोद अजिबात कळत नाहीत. काका कित्येक वर्षं तिथे बसले आहेत आणि बसल्या बसल्या येणाऱ्याजाणाऱ्याला पायऱ्या वाटत असतात.

कुणीही त्यातून सुटत नाही. कुरियरवाला ए-टू. तिसऱ्या मजल्यावरचा आयटीतला मुलगा बी-टू, "पण प्रिपोझिशन्स कच्च्या." टीव्हीवरचे एक केंद्रीय मंत्री बी-वन, "तेही स्क्रिप्ट असेल तर." कोपऱ्यावरच्या शिंप्याला त्यांनी तोंडावर सांगितलं, "तुम्ही अगदी ए-वन." काकांच्या शिडीवर ही सगळ्यात खालची पायरी, पण कौन्सिल ऑफ युरोपला आपल्याकडचा ए-वन चिवडा ठाऊक नाही. शिंपी इतका खूश झाला, की त्यानं पँट फुकट आखूड करून दिली. काकूंनाही एकदा ए-टू दिली. काकू म्हणाल्या, "बरं. आणि कुकर लावण्यात तुम्ही कितवे?" त्या संध्याकाळी काका खानावळीच्या दिशेनं जाताना दिसले.

अप्पर-इंटरमीडिएट माणसाची आणखी एक गंमत असते. त्याला पाठ्यपुस्तकातल्या विषयांवरच बोलता येतं. पर्यावरण, शहरी जीवनाचे फायदे-तोटे, समाजमाध्यमं शाप की वरदान. काकांचा एक स्पीकिंग पार्टनर ब्राझीलमध्ये आहे, तोही बी-टू. आपल्याकडे सहा वाजतात तेव्हा त्याच्याकडे आदली रात्र असते. भिंतीपलीकडून मला सगळं ऐकू येतं. दोघे मिळून ॲमेझॉनचं जंगल वाचवतात, प्लॅस्टिकवर बंदी आणतात, आणि मग एकानं दुसऱ्याला "तब्येत कशी आहे?" असं विचारलं की दोन्हीकडे शुकशुकाट. बी-टूचा माणूस दोन्ही बाजूंना ताण न पडता संवाद साधू शकतो, अशा अर्थाचं काहीतरी त्या युरोपियन कागदात आहे. हे लिहिणाऱ्यांच्या इमारतीत जिना नसावा. आमच्या जिन्यात काका भेटले की ताण एकाच बाजूला पडतो.

तळमजल्यावरच्या वहिनी पेढे घेऊन आल्या आणि म्हणाल्या, "आमचा मुलगा इंजिनिअरिंग पास-आउट झाला." काकांचा चेहरा पडला. "अरेरे, मग डॉक्टरांना दाखवलं का?" ब्रिटिश माणूस पास-आउट होतो म्हणजे बेशुद्ध पडतो, हे वहिनींना समजावून सांगेपर्यंत पेढ्याचा डबा शेजारच्या दारात पोचला होता. मात्र सोसायटीच्या ग्रुपवर 'मीटिंग प्रीपोन्ड' असा निरोप आला तेव्हा सगळे दबकून बसले, तर काकांनी चक्क अंगठा वर केला. प्रीपोन आता ऑक्सफर्डच्या कोशात आहे म्हणे. कोशात असलं की काका माफ करतात, नसलं तर सख्ख्या भावालाही करत नाहीत.

पुस्तकांचं कपाट विचारू नका. तर्खडकरांची भाषांतर पाठमाला वडलांची, रॅपिडेक्स स्वतःच्या पहिल्या पगारातलं, नॉर्मन लुइस, रेमंड मर्फीचं निळं व्याकरण, आणि मधोमध बाइंडिंग केलेलं रेन अँड मार्टिन. त्यातल्या रेनबद्दल ते प्रत्येक पाहुण्याला सांगतात. हा मनुष्य इकडे शिक्षण खात्यात होता आणि १९२४ साली त्यानं 'बो जेस्ट' ही फ्रेंच फॉरेन लीजनवरची गाजलेली कादंबरी लिहिली. "म्हणजे बघा, वाळवंटात लढाया लिहिणारा माणूस आपल्याला ॲक्टिव्हचं पॅसिव्ह शिकवून गेला." पाहुणा या वेळेपर्यंत उठलेला असतो.

हे सगळं कशासाठी, असं एकदा मी विचारलं. परदेशी जायचं नाही, परीक्षेचा उपयोग नाही. ते म्हणाले, "हौस." मग चष्मा पुसत, दुसऱ्याच कुणाबद्दल सांगावं तसं म्हणाले, "आमच्या वेळी इंग्रजी पाचवीपासून. शाळा जिल्हा परिषदेची. दहावीपर्यंत गणित-विज्ञानात पहिला नंबर. अकरावीला सायन्सला गेलो तर सगळंच इंग्रजीत. सर भराभर बोलायचे, शेजारची मुलं माना हलवायची, म्हणून मीपण हलवायचो. पुढच्या वर्षी कॉमर्सला गेलो. आय डिडन्ट आस्क अ सिंगल क्वेश्चन दॅट इयर." क्षणभर थांबून त्यांनी बोट वर केलं. "सिंगलच्या आधी 'अ'. आर्टिकल विसरायचं नाही."

मी काही बोललो नाही. बोललो असतो तर पायरी मिळाली असती.

यंदा आमची इमारत पुनर्विकासाला निघाली. बिल्डरचा वकील कराराचा मसुदा घेऊन सभेला आला. तीसेक पानं, सगळी इंग्रजी, आणि वकिलाचा वेग एक्स्प्रेसला लाजवणारा. पुढच्या रांगेत आयटीतला मुलगा, कॉन्व्हेंटमध्ये शिकवणाऱ्या बाई, निवृत्त प्राध्यापक. सगळे एका लयीत माना डोलावत होते. मी मसुद्यावर पेन्सिलीनं अधूनमधून बरोबरच्या खुणा करत होतो, कारण शेजारचा करत होता.

दहाव्या की बाराव्या पानावर काका उभे राहिले. "आय ॲम अफ्रेड आय डिडन्ट क्वाइट कॅच दॅट. कुड यू गो ओव्हर इट अगेन?"

वकिलानं पुन्हा वाचलं, आधीपेक्षा वेगानं. काका पुन्हा उभे राहिले. "आय ॲम अफ्रेड आय स्टिल डोन्ट फॉलो." मागून कुणीतरी "बसा हो काका" म्हणालं. अध्यक्षांनी घड्याळ पाहिलं. काकांना लाज वाटतेय का, म्हणून मी तोंडाकडे पाहिलं, तर गृहस्थ चक्क आनंदात होते. 'आय ॲम अफ्रेड' योग्य जागी पडलं होतं, बहुतेक त्याचा. पण ते काहीही असो, दीडशे माणसांच्या त्या हॉलमध्ये मला कळलं नाही असं उभं राहून म्हणणारा दुसरा कुणी नव्हता, हे मला नाइलाजानं लिहावं लागतंय.

तिसऱ्यांदा विचारल्यावर वकिलानं कागद खाली ठेवला आणि कऱ्हाडकडच्या खणखणीत मराठीत म्हणाला, "अहो काका, ओसी मिळेपर्यंत किंवा ३६ महिने, यातलं जे आधी होईल तोवर भाडं. म्हणजे ३६ महिने झाले की भाडं बंद. मग बिल्डिंग झालेली असो, नसो."

पुढच्या रांगेतल्या माना थांबल्या. मग जो गोंधळ उडाला तो रात्री साडेअकरापर्यंत चालला. प्राध्यापक टेबलावर मूठ आपटत होते, कॉन्व्हेंटच्या बाई शुद्ध मराठीत भांडत होत्या, आणि ते कलम बदलून आणल्याशिवाय पुढची सभा नाही, असा ठराव झाला.

खाली उतरताना लोक काकांचा हात हातात घेत होते. वॉचमननं सलाम ठोकला. काकांचं तोंड मात्र उतरलेलं.

"काय झालं काका? आज तुम्ही सगळ्यांना वाचवलंत."

"कसलं काय! छान चाललं होतं रे. मी चौथा प्रश्न इनडायरेक्ट क्वेश्चन करून विचारणार होतो, वाक्य जुळवून ठेवलं होतं. तेवढ्यात तो मराठीत घुसला. सगळी प्रॅक्टिस बुडाली."

"आणि वकील कितवा?"

"बी-वन," काका म्हणाले. "घाई फार. आणि दोनदा 'डिस्कस अबाउट' म्हणाला."