टू-टू शेठ

नागपूरच्या लकडगंजात माणसाची ओळख तो कुठल्या लाकडात आहे यावरून होते. कोणी सागात असतो, कोणी बीज्यात, कोणी मलेशियाहून आलेल्या ओंडक्यांत. ज्यांचे बाप सागात होते आणि जे स्वतः प्लायवूडमध्ये गेले, त्यांचं नाव घेताना आवाज जरा खाली येतो. आमचे शेठ आल्लापल्लीच्या सागात आहेत. पण हे झालं दुकानाच्या पाटीपुरतं. मनाने ते गेली कित्येक वर्षं पॉइंट टू-टूमध्ये आहेत.

टू-टू म्हणजे .२२ बोअरची छोटी रायफल. शेठ ती घेणार आहेत. अटी दोनच: नेम अचूक पाहिजे आणि किंमत परवडली पाहिजे. या दोन अटींवर त्यांनी आजवर इतक्या रायफली नापास केल्या आहेत, की तेवढ्यात एक पलटण उभी राहिली असती. परवाना मात्र त्यांच्याकडे नाही. त्यासाठी अर्जही केलेला नाही. "आधी वस्तू ठरू द्या, कागद काय, होऊन जाते," असं ते म्हणतात.

या वेडाचं मूळ पाच गोळ्यांत आहे. कॉलेजात एनसीसीला असताना शेठनी पंचवीस यार्डांवरून पाच गोळ्या झाडल्या आणि त्या पाचही एकमेकींजवळ लागल्या. किती जवळ, ते कोणत्या वर्षी विचारता त्यावर अवलंबून आहे. मी पहिल्यांदा ऐकलं तेव्हा तो घोळका तळहाताएवढा होता. पुढे पाच रुपयांच्या नाण्यावर आला. १ ऑगस्ट २०२४ रोजी राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेने पॅरिस ऑलिंपिकला ५० मीटर थ्री पोझिशनमध्ये कांस्यपदक जिंकलं आणि त्या संध्याकाळी शेठच्या पाचही गोळ्या एकाच भोकातून गेल्या. लॉस एंजलिसपर्यंत भोकही उरणार नाही, असा माझा अंदाज आहे.

कुसाळेवर शेठचा विशेष जीव. मध्य रेल्वेत तिकीट तपासणारा माणूस ऑलिंपिकला जातो, गुडघ्यावर, पालथा आणि उभा अशा तीन पवित्र्यांत गोळ्या मारतो, पन्नास मीटरवरचा दहा गुणांचा ठिपका जेमतेम १०.४ मिलिमीटरचा, आणि अंतिम फेरीत ४५१.४ गुण घेऊन पदक आणतो. "वाटाण्याएवढा ठिपका, बाप्पा! आपल्याले तेवढ्या दुरून वाटाण्याचं पोतं दिसत नाही," हे शेठ तर्री-पोह्यांच्या गाडीवर इतक्यांदा बोलले आहेत, की गाडीवाल्याला ठिपक्याचा आकडा दशांशासह पाठ आहे.

ज्ञानात मात्र शेठ कच्चे नाहीत. टू-टूच्या काडतुसाला रिमफायर का म्हणतात, ते त्यांनी मला टालीवर बसवून समजावलं. पेटवणारा मसाला काडतुसाच्या बुडात मधोमध नसतो, कडेच्या घडीत भरलेला असतो. रायफलीची पिन त्या कडेवर आपटते. कड चेपली गेली पाहिजे म्हणून पितळ पातळ, पितळ पातळ म्हणून दाब कमी, आणि एकदा वाजलं की पुन्हा भरता येत नाही. "आणि साल पाहा. अठराशे सत्तावन! इकडं काडतुसावरून बंड होऊन राहिलं आणि तिकडं अमेरिकेत स्मिथ अँड वेसन टू-टू शॉर्ट काडतूस बाजारात आणून राहिले. याले म्हणतात धंदा!" आज चालतं ते लांब भावंड, लाँग रायफल, १८८७ मधलं. तेही त्यांनी सांगितलं, पण त्यात बंड नसल्यामुळे घाईने.

मग घोडं अडतं कुठे? सगळीकडेच. सरकारी कारखान्याची देशी रायफल शेठला 'फिनिशिंग'मध्ये पटत नाही. जुनी झेक ब्रनो किंवा बर्मिंगहॅमची बीएसए पटते, पण ती ज्यांच्या घरी आजोबांपासून आहे ते विकत नाहीत, आणि विकतात तेव्हा आजोबांचीही किंमत लावतात. जर्मनीच्या उल्म गावची आन्शुट्झ शेठच्या स्वप्नात येते. पण सामान्य परवानाधारकाला परदेशी बंदुकीची आयात १९८० च्या दशकापासून बंद. सवलत आहे ती नामांकित नेमबाजाला. "म्हणजे आधी कुसाळे व्हा, मग रायफल घ्या. आणि रायफलच नाही तर मानूस कुसाळे कसा होईन, हे सांगून राहिले का कोणी?" शेठचा हा मुद्दा बिनतोड आहे, हे मला मान्य करावं लागतं.

'परवडणं' या खात्याचा हिशेब ते कानावरची पेन्सिल काढून हाताशी येईल त्या फळीवर करतात. रायफल एकदाच घ्यायची, गोळ्या मात्र रोज लागतात. एका स्पर्धेतच साठ. त्यातून या छोट्या गोळीचे नखरे फार. एकाच कंपनीची, एकाच नावाची, पण वेगळ्या लॉटची गोळी त्याच नळीतून वेगळी जाते, म्हणून मोठे नेमबाज लॉट तपासूनच माल उचलतात. हे ऐकल्यावर शेठना आपल्या माणसात आल्यासारखं वाटलं. वनखात्याच्या डेपोतल्या लिलावात लॉट न पाहता बोली लावू नये, हे त्यांना वडिलांनी शिकवलेलं. हिशेब झाला की फळी गिऱ्हाइकाला जाते. वर्धमाननगरातल्या कुठल्या तरी देवघराच्या आतल्या अंगाला 'एली, इंग्लंड, ५० ची डबी, फार महाग' असं पेन्सिलीत लिहिलेलं असणार आणि त्यासमोर रोज उदबत्ती लागत असणार.

बंदुकीच्या दुकानात शेठना बघणं हा वेगळा कार्यक्रम आहे. इतर लोक रायफल हातात आली की नळीतून डोकावतात, खटका दाबून बघतात. शेठ नळीकडे ढुंकूनही पाहत नाहीत. ते कुंद्यावर बोटाच्या पेराने टकटक करतात. रेषेवरून नख फिरवतात. वास घेतात.

"अक्रोड म्हणून सांगून राहिले तुम्ही, हे तर बीच आहे. पॉलिश मारलं म्हणून काय झालं?"

"शेठ, परवाना आणला का?"

"परवान्याचं मंग पाहू. माल वाळवलेला आहे का, ते सांगा पहिले."

दुकानदार दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे वळतो. पण खरं सांगायचं तर शेठ इथेच सगळ्यांत शहाणे असतात. लाकूड हवा पितं. मे महिन्यात नागपुरात जे कुंदे वाळून खडखडतात तेच जुलैत फुगतात, फुगून नळीला एका बाजूने रेटतात, आणि उन्हाळ्यात बसवलेला नेम पावसाळ्यात भलतीकडे जातो. म्हणून चांगल्या रायफलीत नळी आणि कुंदा यांच्यामध्ये फट सोडलेली असते. शेठ खिशातून दहाची नोट काढतात आणि त्या फटीतून सरकवतात. नोट अडली की रायफल परत. हीच चाचणी जाणकार नेमबाजही करतात, पण शेठना ती कोणी शिकवली नाही. सागाच्या चौकटीत दार का अडकतं, हे ज्याला कळतं त्याला हेही कळतं.

आता त्यांचं दुःख. आन्शुट्झचा नवा नमुना त्यांनी फोनवर मोठा करून पाहिला आणि कुंदा अ‍ॅल्युमिनियमचा निघाला. अ‍ॅल्युमिनियम फुगत नाही, वाकत नाही, हवं तसं पुढेमागे सरकवता येतं. हे सगळं शेठना मान्य आहे. पण याच धातूने लकडगंजाच्या खिडक्या खाल्ल्या. ज्या घरात पूर्वी सागाच्या पाच खिडक्या जात, तिथे आता सरकत्या काचा जातात. फोन खाली ठेवून शेठ बराच वेळ समोरच्या आरा मशीनकडे बघत बसले. मग म्हणाले, "मंग त्याले रायफल कायले म्हणता? स्लायडिंग म्हणा!"

मित्रांनी अर्जाचा आग्रह एकदा धरला होता. पण अर्जात कारण लिहावं लागतं. आत्मसंरक्षण लिहावं, तर शेठना लकडगंजात धोका फक्त उधारीवाल्यांचा, आणि ते स्वतःच तोंड चुकवून पळतात. पीकरक्षण लिहावं, तर उमरेडकडे थोडं शेत आहे, रानडुकरंही येतात. पण एवढ्याशा गोळीने डुक्कर मरायच्या आधी चिडेल, आणि वनखात्याच्या परवानगीशिवाय मारताही येत नाही. राहिला खेळ. त्यासाठी रेंजवर जावं लागतं. शेठ गेले. तिथल्या सरांनी त्यांच्या हाती ४.५ मिलिमीटरची हवेची रायफल दिली. तिची ताकद २० ज्यूलच्या आत असेल तर परवानाच लागत नाही. दहा मीटरवर कागद, कागदावर दहा गुणांचा ठिपका अर्ध्या मिलिमीटरचा. शेजारी बारा-तेरा वर्षांची पोट्टी शांतपणे तो ठिपका उडवत होती. सर म्हणाले, "आठ दिवस छर्रा नाही. नुसती धरून उभं राहायचं." शेठ गादीवर बसणारे. तिसऱ्या मिनिटाला त्यांनी रायफल खाली ठेवली आणि सरांना विचारलं, "याचा कुंदा कुठून आणला?"

तरी त्यांचा एक हंगाम असतो. निवडणूक लागली की परवानाधारकांना आपापली हत्यारं ठाण्यात जमा करायला सांगतात. त्या दिवसांत शेठ दुकान पोरावर टाकून सकाळीच लकडगंज ठाण्याकडे निघतात. एरवी कपाटात कुलूपबंद असलेल्या रायफली एका रांगेत पाहायला मिळतात, तेही फुकट. ते एकेकाला नमस्कार घालतात, कुंद्यावर टकटक करतात, नोट सरकवतात, "तेल पाजा याले, वाळून राहिला," असा सल्ला देतात. मागच्या खेपेला सरकता सरकता ते स्वतःच टेबलासमोर येऊन उभे राहिले. हवालदाराने नोंदवहीतून डोकं न काढता विचारलं, "तुमचं हत्यार?"

"माझं अजून निवडून राहिलो, साहेब," शेठ म्हणाले, आणि मग त्यांची नजर टेबलावर गेली. त्यांनी वाकून पेराने दोनदा वाजवलं.

"हे टेबल मात्र साग नाही हो. कोणी दिलं तुमाले?"