घरच्या शाळेतून थेट फॉल-इन

मुलाला शाळेत घालायचं नाही असं ठरवलं, तेव्हा आमच्याकडे कारणांचा तुटवडा नव्हता. घंटा नको, गणवेश नको, रांग नको. ‘हाताची घडी, तोंडावर बोट’ तर नकोच नको. त्याला जे आवडेल ते तो करेल, असं आम्ही चारचौघांत मोठ्या तोऱ्यात सांगायचो. त्यानं खरंच तसं केलं. त्याला खडकवासल्याची राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनी, म्हणजे एनडीए आवडली.

घंटा, गणवेश आणि रांग यांचं पीक पुणे परिसरात सर्वांत जोमदार कुठे येतं, हे पोरानं अचूक हेरलं होतं.

असल्या मुलांना तिथे घेतात का, ही शंका मलाच जास्त. घेतात. एनआयओएसची, म्हणजे मुक्त विद्यालयाची बारावी चालते. ती बाकावर बसून केली की स्वयंपाकघराच्या ओट्यावर, हे कुणी विचारत नाही. लेखी परीक्षा ९०० गुणांची, त्यातलं गणित ३००. अडीच तासांत १२० प्रश्न. आमच्याकडे एका मुंगीच्या निरीक्षणात अख्खा बुधवार गेला तरी आम्ही त्याला अभ्यासच म्हणायचो. तरी गडी पास झाला.

पुढे सर्व्हिसेस सिलेक्शन बोर्ड. पाच दिवसांचं प्रकरण. तिथे साठ शब्द दाखवतात आणि दर शब्दाला पंधरा सेकंदांत वाक्य लिहायला लावतात. चिरंजीव बोर्डाहून परतले ते एकाच गोष्टीवर लट्टू होऊन: तिथे छातीवर नंबर लावतात. त्याला आयुष्यात पहिल्यांदा नंबर मिळाला होता! बाकीची पोरं बारा वर्षं ‘प्रेझेंट सर’ म्हणून विटलेली. हा मात्र हाक आली की इतक्या उत्साहानं उठायचा, की शेजारचा दचकायचा.

मुलाखतीआधी एक फॉर्म भरावा लागतो. शाळेचं नाव, खेळ, कुठली पदं भूषवली, सगळं त्यात. यानं जे होतं ते लिहिलं. अधिकाऱ्यांनी विचारलं, “तुमच्या वर्गात किती मुलं होती?”

“मी आणि धाकटी बहीण, सर.”

“मग पहिला नंबर कुणाचा?”

“बहिणीचा, सर.”

खरं बोलला म्हणून घेतला असावा, असं मला आजही वाटतं. ह्यांच्या मते डोळे आणि पाय धड होते म्हणून घेतला.

माझ्या सासूबाईंचा घरच्या शाळेला पहिल्यापासून विरोध. “पोरगं बिनशिस्तीचं निघेल,” हे त्यांचं भाकीत. तो एनडीएत लागला तेव्हा त्यांनी पेढे वाटले आणि प्रत्येक पेढ्यामागे, “बघा, शेवटी शाळेत गेलाच,” असंही सांगितलं.

आमच्याकडे अकरापर्यंत पायजम्यात वावरणाऱ्या त्या देहाला तिथे पट्टी परेड लागली. ही काय भानगड ते ऐका. आता पीटीच्या कपड्यांत या, आता ड्रिलच्या, आता मेसच्या. दर वेळी खोलीकडे धावायचं, काही मिनिटांत सगळं बदलून पुन्हा रांगेत. उशीर झाला की परत. त्याच्या कपाटाची घडीन् घडी पट्टीनं आखल्यासारखी असते म्हणे. इथे मी ओला टॉवेल पलंगावरून उचलायला सांगितलं, की ‘टॉवेल वाळवण्यामागचं विज्ञान’ यावर चर्चा व्हायची.

आमच्या पद्धतीचा एकच गुण त्याच्या मुळावर आला. प्रश्न विचारायला आम्ही त्याला फार उत्तेजन दिलं होतं. ड्रिलच्या मैदानावर सुरुवातीलाच त्यानं उस्तादांना विचारलं, “उस्ताद, कायम डावाच पाय आधी का?” उस्तादांनी शंका मनावर घेतली. मैदानाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत फ्रंट रोल, म्हणजे कोलांट्या मारत जायचं आणि वाटेत उत्तर शोधायचं. अनुभवातून शिक्षण या विषयावर मी दोन शिबिरं घेतली आहेत, पण इतका अनुभव मी कुणाला दिला नव्हता.

आणि तरी पठ्ठ्या खूश! फोनवर म्हणाला, “आई, इथे सकाळी उठल्यावर ‘आज काय शिकावंसं वाटतंय?’ असं कुणी विचारत नाही. केवढा आराम आहे!”

फोन स्पीकरवर होता. कोलांट्यांचं, सायकल डोक्यावर धरून पळण्याचं, सगळं सासूबाईंनी ऐकलं. त्यांचा चेहरा उतरत गेला. फोन ठेवल्यावर बराच वेळ जपमाळ नुसती हातात. मग माझ्याकडे वळून म्हणाल्या,

“अगं, ते सैन्याचं शिक्षण घरी नाही का देता येत? तू शिकव की. तुला सवय आहे.”