मध्यस्थ नको

अण्णांना मध्यस्थ चालत नाही. फ्लॅट घेताना त्यांनी एजंट टाळला, मुलीचं लग्न जमवताना वधू-वर सूचक मंडळ टाळलं आणि हॉटेलात आजही ते वेटरकडे न बघता भटारखान्याच्या दारात जाऊन थेट आचाऱ्याला डोसा सांगतात. डोसा आणून देतो वेटरच, पण ते जाऊ द्या. मेमरी कार्डाशी बोलताना मधे ऑपरेटिंग सिस्टिम घ्यायची, हे असल्या माणसाला पटणार कसं?

भोसरीच्या कारखान्यात आयुष्यभर कंट्रोल पॅनेल जोडून निवृत्त झाल्यावर अण्णांनी घराच्या बाल्कनीत उद्योग काढला. नाशिककडच्या द्राक्षांच्या शीतगृहांसाठी ते तापमान नोंदवणारी डबी बनवतात. आत अ‍ॅटमेगा ३२८ चिप. हिची एकूण रॅम २०४८ बाइट. कार्डाचा एक सेक्टर ५१२ बाइटचा, म्हणजे तो नुसता हातात धरायचा तर चौथा हिस्सा रॅम गेली. उरलेल्या तीन हिश्शांत अण्णांचा संसार. तो किती काटकसरीने चालतो, हे सांगताना त्यांचा चेहरा, काकूंचा महिन्याचा खर्च सांगताना होतो, तितकाच अभिमानी होतो.

भाचा इंजिनिअर आहे. तो एकदा म्हणाला, “मामा, रास्पबेरी पाय लाव ना. लायनक्सवर एका ओळीत फाइल उघडते.”

“कोण उघडतं?”

“म्हणजे?”

“फाइल उघडते म्हणालास. आपोआप उघडते का? कोणीतरी उघडतंय. त्याला तू कधी पाहिलंयस?”

भाच्याने चहा संपवला.

अण्णांची फाइल कशी उघडते, ते मात्र कोणालाही बघता येतं. न बघण्याची सोय नाही. सोसायटीच्या वर्गणीची पावती द्यायला गेलेल्या सेक्रेटरींनासुद्धा त्यांनी ऑसिलोस्कोपसमोर बसवलं होतं. कार्डाला ३.३ व्होल्टच द्यायचे, पाच दिले की कार्ड गेलं. मग सिलेक्टची तार वर धरून निदान ७४ ठोके नुसतेच पाठवायचे. तेही सावकाश, सेकंदाला चार लाखांच्या आत. “दार वाजवल्याशिवाय आत शिरायचं नसतं,” अण्णा म्हणतात. मग तार खाली ओढून पहिली आज्ञा: चाळीस, चार वेळा शून्य, शेवटी पंच्याण्णव. हे आकडे सोळाच्या हिशेबातले. उत्तरात ‘एक’ आलं, की कार्ड जागं झालं, पण कामाला लागलेलं नाही. पुढे अठ्ठेचाळीसची आज्ञा जाते. तिच्या शेपटातला ‘एक, ए-ए’ कार्डाने जसाच्या तसा परत म्हटला, तर ते नव्या पिढीचं. त्यानंतर नुसतं विचारत बसायचं, झालं का, झालं का. ‘शून्य’ येईपर्यंत. कार्डाला यासाठी एक सेकंदापर्यंत मुभा असते आणि तेवढा वेळ अण्णा श्वास रोखून बसतात. पहिला सेक्टर वाचून शेवटचे दोन बाइट ‘पंचावन्न, ए-ए’ दिसले की हात जोडतात. सेक्रेटरींनीही जोडले. पावती टेबलावरच राहिली.

सोळाचा हिशेब त्यांच्या अंगात फार मुरलाय. चौसष्टावा वाढदिवस झाला, तेव्हा केक कापून म्हणाले, “आत्ता कुठे चाळिशी लागली.” टाळी फक्त भाच्याने दिली.

एका शीतगृहातून मात्र तक्रार आली. रात्री वीज गेली, डबी बंद पडली आणि सकाळी कार्ड कॉम्प्युटरला लावलं तर फाइल शून्य बाइटची. मालक म्हणाला, तुमच्या डबीने आठवडाभर केलं काय? अण्णांनी कार्ड घरी आणून सेक्टर चाळले. नोंदी सगळ्या जागच्या जागी होत्या. झालं होतं इतकंच, की फॅट पद्धतीत फाइलची लांबी डिरेक्टरीतल्या नोंदीत वेगळी लिहावी लागते, आणि प्रोग्राम ती फाइल बंद करताना लिहिणार होता. ते व्हायच्या आत वीज गेली. दुसरा कोणी असता तर त्याने दर नोंदीनंतर लांबी लिहायची सोय केली असती. अण्णांनी फाइल वाढवणंच बंद केलं. आता प्रत्येक कार्डावर आधीच एक भलीमोठी रिकामी फाइल ते सलग जागेत करून ठेवतात. डबी तिचा पहिला सेक्टर शोधते आणि तिथून पुढे थेट लिहीत सुटते. लांबी पहिल्यापासून ठरलेली, त्यामुळे वीज कधीही जावो. युक्ती जुनी आहे, या धंद्यातल्या बऱ्याच जणांना ठाऊक आहे. पण अण्णा ती अशी सांगतात की पेटंट घ्यायचं तेवढं राहिलंय.

त्यांच्या प्रोग्रामात खरं तर फॅटएफएस नावाची लायब्ररी आहे, ‘चॅन’ या टोपणनावाने लिहिणाऱ्या जपानी गृहस्थांची. हा मध्यस्थ नाही का, असं भाच्याने विचारलं. अण्णांनी कपाटातून स्पायरल बाइंडिंग केलेला गठ्ठा काढला. अख्खा सोर्स कोड, समासात पेन्सिलीच्या खुणा. “वाचून काढलेला माणूस मध्यस्थ राहत नाही. तो ओळखीचा होतो.”

मग भाच्याने सूड घेतला. २०१३ साली हॅम्बुर्गच्या हॅकर परिषदेत अँड्र्यू ‘बनी’ हुआंग आणि त्याच्या साथीदाराने दिलेलं व्याख्यान त्याने अण्णांना लावून दिलं. मेमरी कार्डाच्या पोटात स्वतःचा मायक्रोकंट्रोलर असतो, त्याचा स्वतःचा प्रोग्राम असतो आणि तो प्रोग्राम बदलताही येतो, हे त्यात दाखवलंय. तुम्ही म्हणायचं सेक्टर ८१९२ वर लिही. आतला कंट्रोलर खराब जागा टाळत, झीज सगळीकडे सारखी वाटत, त्याला वाटेल तिथे लिहिणार आणि तुम्हाला सांगणार, ८१९२ वर लिहिलं.

अण्णांनी व्याख्यान शेवटपर्यंत ऐकलं. रात्री जेवले नाहीत, असं काकू सांगतात. काकू थोडं वाढवून सांगतात.

दुसऱ्या दिवशी ते बुधवार पेठेत, तपकीर गल्लीत हजर. नुसती नॅन्ड फ्लॅशची चिप हवी होती, कंट्रोलर नसलेली. दुकानदार म्हणाला, “काका, कार्डच न्या की. आत तेच असतं.”

“आत तेच असतं,” अण्णा म्हणाले, “पण आत आणखी कोणीतरी असतं.”

चिप शेवटी ऑनलाइन मागवावी लागली. १०२४ ब्लॉकची. अशा चिपमधले काही ब्लॉक जन्मतःच खराब असतात, कारखाना त्यांवर खूण करून पाठवतो. खूण पुसायच्या आत यादी उतरवून घ्यायची, एवढंच काम. अण्णांनी ती शंभर पानी वहीत उतरवली आहे, आणि कारखान्याने खराब ठरवलेले ब्लॉक खरंच खराब आहेत का, हे सध्या ते एकेक करून स्वतः तपासत आहेत.